जगायला जाणाऱ्यांचा मुलूख

दिवाळी सरते, नागली-वरईची मळणी उरकते आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर बोचकी बांधली जाऊ लागतात. वाटा ठरलेल्या आहेत: भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्या, ठाणे-कल्याणची बांधकामे, नाशिककडचे द्राक्षमळे. म्हातारी माणसे मागे राहतात, बाकी घर कुडाचे दार ओढून घेऊन निघते. कुठे निघालात असे विचारले, तर उत्तर एका शब्दात मिळते: जगायला. हा शब्द आजोबांच्या तोंडी होता, बापाच्या होता आणि मोबाइल हाती आलेल्या नातवाच्याही तोंडी आहे.

इथे दहापैकी नऊ माणसे आदिवासी आहेत. सहाशे वर्षे इथे आदिवासी राजघराण्याची गादी होती. आमदार आणि खासदार राखीव जागेवरून निवडून जातात, संविधानाची पाचवी अनुसूची लागू आहे आणि मुंबई शे-दीडशे किलोमीटरवर आहे. तरीही हलाखी बापाकडून मुलाकडे जाते ती का, हा वाद ऐंशी वर्षे तरी चालू आहे. त्यात जमातींमधले ताण आहेत, पक्षांचे राजकारण आहे आणि पोटाचा प्रश्न आहे. हे तीन धागे वेगळे करून पाहता येतात का आणि वाद आज कुठे येऊन थांबला आहे, ते इथे पाहायचे आहे.

गादी आणि पेटा

जव्हार आणि मोखाडा ही नावे आज एका दमात घेतली जातात. इतिहासात त्यांची वाट वेगळी होती. जव्हार हे महादेव कोळी मुकणे घराण्याचे संस्थान. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये त्याच्या स्थापनेची दंतकथा दिलेली आहे. मुलूख मूळचा एका वारली नायकाचा होता. जयबा नावाच्या कोळी पुरुषाने त्याच्याकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन मागितली. ती मिळाल्यावर कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्याने भला मोठा परिसर वेढला आणि वारली नायकाला गंभीरगडाकडचा भाग देऊन वाटेला लावले. पुढे जयबाचा मुलगा नेमशाह याला दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली. ते वर्ष १३४३. तेव्हापासून संस्थानाने स्वतःचा शकही चालवला.

ही गोष्ट खरी की रचलेली, हे इथे महत्त्वाचे नाही. ‘आदिवासी’ म्हणून आज ज्यांची एकच बेरीज केली जाते, त्यांच्यातही जमीन देणारा आणि घेणारा होता, ही आठवण या मुलखाने जपली आहे. पुढचे बरेच वाद या आठवणीपाशी परत येतात.

मोखाडा मात्र इंग्रजी अमलातला पेटा होता, शहापूरला जोडलेला. १९३५ च्या कायद्याखाली ‘अंशतः वगळलेल्या’ क्षेत्रांची यादी झाली, तेव्हा ठाणे जिल्ह्यातील डहाणू, शहापूर, उंबरगावबरोबर मोखाड्याचेही नाव तिच्यात आले. मुंबई सरकारने अशा भागांची पाहणी डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याकडून करून घेतली आणि १९३९ मध्ये त्यांचा अहवाल आला. जमीनदार, सावकार आणि जंगलाचे ठेकेदार आदिवासींकडून जबरीने कसे काम करून घेतात, हे त्या सरकारी कागदात स्पष्ट लिहिलेले आहे. १९४८ मध्ये जव्हार संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि दोन्ही मुलूख एका कारभाराखाली आले. मुकणे घराण्याचा वारसा काहींना आदिवासी राज्यकर्तेपणाचा पुरावा वाटतो. डाव्या चळवळीतील अभ्यासकांना त्यात उलटा धडा दिसतो: राजा आपल्यातला असला म्हणून रयतेची वेठ आपोआप सुटत नाही.

वंश की वर्ग

आदिवासी हा वेगळा वंश आहे, वेगळा समाज आहे, की केवळ गरीब शेतकरी? चाळीसच्या दशकात हा वाद देशभर गाजला. मानवशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांना आदिवासींच्या मुलखाला बाहेरच्यांपासून संरक्षण हवे होते. मुंबई विद्यापीठाचे गो. स. घुर्ये यांनी १९४३ च्या पुस्तकात आदिवासींना मागासलेले हिंदू म्हटले आणि समाजात मिसळून जाणे हाच त्यांचा मार्ग ठरवला. ठक्करबाप्पांचा भर सेवेवर होता. ठाणे जिल्ह्यात त्याच वाटेने बाळासाहेब खेरांनी १९४० मध्ये आदिवासी सेवा मंडळ काढले. आचार्य भिसे, ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांची शाळा-बालवाडीची कामे या परंपरेच्या आसपासची. जंगलतोडीच्या ठेकेदाराला बाजूला सारणाऱ्या जंगल कामगार सोसायट्यांनाही खेरांनीच चालना दिली.

किसान सभेच्या शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी हा प्रश्न वंशाचाही मानला नाही आणि सेवेचाही नाही. त्यांच्या मते वारली हा जमीनदाराने नाडलेला शेतमजूर होता. त्याला उपदेशापेक्षा मजुरीचा दर हवा होता.

आज हाच वाद शब्दांतून चालतो. संघपरिवारातील संस्था ‘वनवासी’ म्हणतात आणि या समाजाला हिंदू समाजाचे अंग मानतात. तलासरीतले वनवासी कल्याण केंद्र साठच्या दशकापासून वसतिगृहाचे काम करते आहे. आदिवासी एकता परिषदेसारख्या संघटना ‘वनवासी’ हा शब्द नाकारतात. आपण या भूमीचे पहिले रहिवासी, आपली देवदैवते आणि निसर्गपूजा वेगळी, असे त्यांचे म्हणणे आहे. ९ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन आता गावोगाव तारप्याच्या नादात साजरा होतो, त्यामागे ही जाणीव आहे. धर्मांतर केलेल्यांना जमातीच्या यादीतून वगळावे, ही मागणी गेल्या काही वर्षांत पुढे आल्यापासून ताण वाढला आहे. समर्थकांना त्यात सवलतींचा दुहेरी लाभ थांबवायचा आहे. विरोधकांच्या मते जमात ही धर्मावर ठरत नाही आणि या मागणीने एकाच पाड्यात भिंत उभी राहील.

जव्हार-मोखाड्याचा बोहाडा पाहिलेल्या माणसाला या दोन टोकांपैकी एक निवडणे जड जाते. रात्रभर चालणाऱ्या त्या सोंगांत पुराणातली पात्रेही नाचतात आणि गावदेवीही. मुखवटे पिढीजात सांभाळले जातात आणि कोणते सोंग कोणी आणायचे हे घराण्यांनुसार ठरलेले असते. घुर्ये यांचा वाचक इथे हिंदूपण शोधील, परिषदेचा कार्यकर्ता आदिमपण शोधील, आणि दोघांनाही ते सापडेल.

वेठ, लग्नगडी, उचल

या प्रश्नाचा सर्वांत भरीव भाग कर्जाचा आहे. लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्याकडे राबायचे. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. व्याजाचा हिशेब जमीनदाराच्या वहीत राहायचा, त्यामुळे कर्ज सहसा फिटत नसे आणि मुलगा बापाच्या जागी उभा राहायचा. हलाखी पिढ्यानपिढ्या उतरते असे आपण म्हणतो, तेव्हा इथे ती अक्षरशः कागदावरून उतरत होती.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले. २३ मे १९४५ रोजी झरी गावच्या सभेत वेठ आणि लग्नगडीपद्धत मोडण्याची हाक दिली गेली. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले. पाचशे पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये, या दरासाठी संप झाला आणि जंगलकामाच्या मजुरीसाठीही झाला. गोदावरीबाईंनी हा सारा इतिहास ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात नोंदवला, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. उठावाचे केंद्र डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यात होते. जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात संघटन उशिरा आणि तुटक पोचले. एकाच जिल्ह्यातल्या या दोन भागांचे राजकारण पुढे वेगळे का झाले, याचे एक कारण मला इथे दिसते.

नंतर कायदे झाले. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन; आदिवासींची बिगरआदिवासींकडे गेलेली जमीन परत करणारे १९७४-७५ चे कायदे; १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा; १९७७ चा रोजगार हमी कायदा. ते राबवून घेण्यासाठी संघटना उभ्या राहिल्या: पालघरकडे काळूराम धोदडे यांची भूमिसेना, डहाणू-जव्हारच्या पट्ट्यात कष्टकरी संघटना, वसईच्या उसगावातून सुरू झालेली विवेक आणि विद्युल्लता पंडित यांची श्रमजीवी संघटना. वेठबिगारांना मुक्त करून मुक्ततेचा दाखला मिळवून देणे हे श्रमजीवीचे सुरुवातीचे काम. पुढे तिचे बळ मोखाड्यापर्यंत पसरले.

लग्नगडी गेला आणि उचल आली. पावसाळ्यात कोठार रिकामे होते, भाद्रपदाच्या सुमाराला हाताशी दाणा नसतो, आजारपण किंवा लग्न निघते. मुकादम पाड्यावर येतो, पैसे देतो आणि दिवाळीनंतर ती रक्कम भट्टीवर फेडायची असते. हंगामाच्या शेवटी हिशेब होतो. कधी चार पैसे हाती लागतात, कधी उरलेली बाकी पुढच्या वर्षाच्या उचलीत मिळवली जाते.

ही वेठ आहे की कर्ज? इथे मते फुटतात. संघटनांच्या दृष्टीने ही नव्या कपड्यातली वेठबिगारी आहे, कारण उचल घेतलेल्या माणसाला दुसरा मालक निवडता येत नाही. शेजारच्या दक्षिण गुजरातेत अनेक दशके काम केलेले डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी अशाच व्यवस्थेला नवे बंधन म्हटले आहे: जुन्या मालकाचा आधार नाही, पण बांधलेपण कायम, तेही हंगामापुरते. दुसरे म्हणणे असे की बँक ज्याला दारात उभे करत नाही त्याला मुकादम बिनतारण पैसे देतो, आणि भट्टीवर गावातल्या मजुरीपेक्षा जास्त सुटते. उचल बंद केली तर माणूस मुक्त होईल की उपाशी राहील, असा त्यांचा सवाल आहे. हा सवाल टाळण्यासारखा नाही. पण २०२१ साली मोखाडा तालुक्यात एका मजुराने जीव दिला. मुलाच्या कफनासाठी घेतलेल्या पाचशे रुपयांपायी त्याला राबवून घेतल्याचा आरोप झाला आणि वेठबिगार कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. कायदा होऊन पंचेचाळीस वर्षे झाल्यावरही पाचशे रुपयांच्या देण्यावरून असा गुन्हा नोंदवावा लागतो, तेव्हा हे निव्वळ कर्ज आहे असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

जंगलजमिनीचा धागा याच्याशीच जोडलेला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसणाऱ्याच्या नावावर वनपट्टा होऊ लागला. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा मोर्चा नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेला, तेव्हा रखडलेले वनदावे ही त्याची मुख्य मागणी होती. पट्टा मिळाला की प्रश्न सुटतो, असे मात्र कोणीच म्हणत नाही. उतारावरच्या वरकस जमिनीत एकच खरीप निघते. म्हणून सामूहिक वनहक्क, बांबू, मोहफूल आणि मोगऱ्याची लागवड यांवर काहींचा भर आहे. वनखात्यातील काहींना तुकड्यांच्या वाटपातून जंगल विरळ होण्याची धास्ती वाटते.

वावर-वांगणीनंतर

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात शंभराहून अधिक बालके दगावली आणि हा मुलूख महाराष्ट्राला कळला. जव्हारला अपर जिल्हाधिकारी आले, १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना आली, २०१५ मध्ये गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना आली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा जिल्हा झाला. पण २०१६ मध्ये मोखाड्यातले बालमृत्यू पुन्हा गाजले आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने राज्य सरकारला नोटीस काढली.

कारणांबद्दल तीन गट पडतात. प्रशासन आणि डॉक्टर यांच्या मांडणीत लहान वयातली लग्ने, कमी वजनाची बाळे, दोन मुलांमधले अपुरे अंतर आणि भगताकडे गेलेला वेळ यांना महत्त्व असते. चळवळींना त्यात सगळा दोष आईच्या माथी मारल्याचा वास येतो. त्यांच्या मते मुद्दा रोजगार आणि धान्याचा आहे. तिसरा गट व्यवस्थेकडे बोट दाखवतो: रिक्त पदे, पावसाळ्यात तुटणारे रस्ते, डोलीतून न्यावी लागणारी बाळंतीण. तिन्ही म्हणणी एकाच घरात एकाच वेळी खरी असू शकतात. पण एक गोष्ट तिन्हींच्या मध्ये हरवते. अंगणवाडीच्या वहीत नोंदलेले मूल दिवाळीनंतर भट्टीवर असते. तिथे आहार नाही, वजनकाटा नाही आणि लसही सहजासहजी नाही. होळीला ते परत येते तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

धरण उशाला

पावसाळ्यात या डोंगरांवर कोकणातला धो धो पाऊस कोसळतो आणि एप्रिलमध्ये बायका हंडे घेऊन आटलेल्या विहिरीच्या तळाशी उतरतात. मोखाडा तालुक्यातच कोचाळे इथे वैतरणेवर शंभर मीटरपेक्षा उंच मध्य वैतरणा धरण उभे आहे. ते मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी देते. जव्हार तालुक्यातील खिडसे इथे पिंजाळ नदीवर आणखी एक धरण प्रस्तावित आहे, तेही मुंबईसाठीच. त्यापासून रोज ८६५ दशलक्ष लिटर मिळावे, असा अंदाज आहे. महानगराची तहान खोटी नाही. मात्र उंचावरच्या पाड्यांना धरणाचे पाणी चढवण्यापेक्षा झरे, छोटे बंधारे आणि गावतळी परवडतात, असे सांगणाऱ्यांची कामे विखुरलेली आहेत आणि त्यांच्यामागे महानगरपालिकेचा खजिना नाही. दुसरे पीक निघाले तर किती घरे दिवाळीनंतर थांबतील? मला हा या सगळ्या वादातला सर्वांत उपयोगी प्रश्न वाटतो, आणि त्याचे उत्तर पाण्यापाशी आहे.

राखीव जागांचे राजकारण

जव्हारचा जुना विधानसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत विक्रमगडमध्ये गेला. राखीवपण कायम राहिले. तिथून २०१४ मध्ये निवडून आलेले विष्णू सवरा आदिवासी विकासमंत्रीही झाले. म्हणजे खात्याच्या खुर्चीवर याच मुलखाचा प्रतिनिधी होता. प्रतिनिधित्व मिळाल्याने योजना आल्या, रस्ते झाले, शिकलेल्यांचा आवाज वाढला, असे एक मत आहे. दुसरे मत असे की राखीव जागेवरचा उमेदवारही पक्ष ठरवतात, त्यामुळे निष्ठा पाड्याकडे कमी आणि पक्षाकडे जास्त राहते.

ताण खरा दिसतो तो नोकऱ्यांत. अनुसूचित क्षेत्रातील तलाठी, शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेवक अशी सतरा संवर्गांची पदे स्थानिक आदिवासींसाठी राखली गेली. गावची भाषा जाणणारा कर्मचारी गावात टिकतो, हे त्यामागचे कारण. पण पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या बिगरआदिवासी, विशेषतः ओबीसी कुटुंबांना आपल्या मुलांसाठी दार बंद झाल्यासारखे वाटते. त्यांच्यातही गरिबी आहे आणि त्यांची तक्रार बनावट नाही. आंध्रातल्या शंभर टक्के आरक्षणाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२० रोजी निकाल दिला. त्यानंतर महाराष्ट्रातली ही राखीव भरतीही कोर्टात अडकली. निवड झालेल्या आदिवासी तरुणांनी आंदोलने केली आणि अखेर त्यांना मानधनावर तात्पुरते घेतले गेले.

दुसरा ताण यादीत शिरण्याचा आहे. धनगर समाजाला अनुसूचित जमातीचे आरक्षण हवे आहे. ‘धनगड’ म्हणजेच धनगर, असा त्यांचा दावा आहे. हा दावा उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळला. या मागणीला विरोध करत त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि इतर आदिवासी आमदारांनी मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उड्या मारल्या. खोट्या दाखल्यांवर मिळालेल्या नोकऱ्यांचा प्रश्न याहून जुना आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१७ रोजी असे लाभ काढून घेण्याचा निर्णय दिला, तर राज्याने डिसेंबर २०१९ मध्ये त्या कर्मचाऱ्यांसाठी अधिसंख्य, म्हणजे जादा, पदे निर्माण केली. रिकाम्या होणाऱ्या साडेबारा हजार पदांची भरती ही तेव्हापासून आदिवासी संघटनांची मागणी आहे. हा लढा न्याय्य आहे. फक्त तो बारावी-पदवीपर्यंत पोचलेल्यांचा आहे. भट्टीवर शाळा सुटलेल्या मुलाला या यादीत नाव असण्याचा उपयोग क्वचितच होतो.

आदिवासींमधले अंतर

महादेव कोळी, मल्हार कोळी, कोकणा, वारली, ठाकूर, ढोर कोळी, कातकरी. कागदावर हे सगळे एका रकान्यात बसतात. व्यवहारात कोकणा आणि महादेव कोळी घरांत जमीन आणि शिक्षण तुलनेने जास्त. कातकरी बहुधा भूमिहीन, कित्येकदा दुसऱ्याच्या जागेवर झोपडी बांधून राहिलेला. ढोर कोळ्यांना इतरांनी पंगतीत दूर बसवल्याचा इतिहासही आहे. कातकरी हा केंद्राने विशेष असुरक्षित ठरवलेल्या महाराष्ट्रातील तीन गटांपैकी एक आहे. बाकीचे दोन कोलाम आणि माडिया गोंड. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेचा रोख याच गटांवर आहे.

अनुसूचित जातींत उपवर्गीकरण करता येते, असा निर्णय १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिला. तेव्हापासून जमातींमध्येही ते करावे का, याची कुजबुज सुरू झाली आहे. एक बाजू म्हणते की त्याशिवाय कातकऱ्याच्या मुलापर्यंत काहीच पोचणार नाही. दुसरी बाजू बजावते की बाहेरचे समाज यादीत शिरू पाहत असताना आत फूट पाडणे आत्मघात आहे. मला पहिली बाजू अधिक पटते, पण दुसरीची भीती आधारहीन नाही. या प्रश्नावर उघड चर्चा करायला या भागातला कोणताही मोठा नेता अजून पुढे आलेला दिसत नाही.

मोजणी

या साऱ्या वादांत ज्या आकड्यांचा आधार घेतला जातो, ते बहुतेक २०११ च्या जनगणनेचे आहेत. ती मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीदरम्यान झाली. तो वीटभट्टीचा ऐन हंगाम. त्या वीस दिवसांत जो गावी नव्हता तो जिथे सापडला तिथे मोजला जायचा होता, म्हणजे मोखाड्याचे कित्येक संसार भिवंडी-वसईच्या खात्यात गेले असणार. जे भट्टीच्या मागच्या झोपडीत होते त्यांच्यापर्यंत प्रगणक पोचला की नाही, हे त्या झोपडीलाच ठाऊक. लोकसंख्येवरून निधी ठरतो, मतदारसंघ ठरतात, अंगणवाड्या आणि रेशन दुकाने ठरतात.

रोजगार हमीचे आकडेही असेच. २००५ च्या केंद्रीय कायद्यात शंभर दिवसांची हमी होती. २०२५ च्या अखेरीस त्याच्या जागी आलेल्या कायद्यात ती १२५ दिवसांची आहे. पण काम दिवाळीच्या आठवड्यात निघाले की जानेवारीत, आणि मजुरी किती दिवसांनी हाती पडली, यावर माणूस थांबणार की जाणार ते ठरते. मुकादम पैसे आधी देतो, सरकार नंतर. हे साधे अंतर बुजवण्याचा प्रयोग पुरेशा मोठ्या प्रमाणावर कोणी करून पाहिलेला नाही. म्हणून उचलीचा वाद मतांवरच चालतो. ग्रामपंचायतीने स्थलांतर नोंदवही ठेवावी, निघताना कुटुंबाला ओळखपत्र द्यावे आणि भट्टीजवळच्या अंगणवाडीने त्यावर आहार द्यावा, असे उपाय वेळोवेळी सुचवले गेले आहेत. कुठे ते सुरू झाले, कुठे अधिकारी बदलला आणि थांबले.

पुढची जनगणना घोषित वेळापत्रकानुसार फेब्रुवारी २०२७ मध्ये होणार आहे. त्यात जातीची आणि जमातीची नोंदही असेल. कातकरी किती, वारली किती, हे वाद त्या कागदांवरून पुढे लढवले जातील. महिना पुन्हा फेब्रुवारीच आहे. तेव्हा पाड्यावर म्हातारी असेल आणि तिला विचारले जाईल, घरात माणसे किती?